पडवीची भिंत आणि काळे कोट

२२ ऑक्टोबर १९५८, दसरा
आज मुहूर्तावर निश्चय केला. घराच्या बाहेरच्या भिंती मी स्वतः रंगवणार. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी नांद्याचे कोंडाजी मुलाला घेऊन आमच्या सारजेला बघायला येणार आहेत. स्थळ चांगले. भिंती मात्र बघवत नाहीत. बाजूच्या भिंतींना शेवाळ, पडवीत पोपडे. शेजारचा भैरू म्हणाला, गडी लावा की. गडी कशाला? खडकीच्या कारखान्यात पेंट स्टोअरला मी सगळी नोकरी काढली. ब्रश स्वतः धरला नसेल, पण किती जणांना इश्यू केले! चारी भिंती आठवड्यात फिनिश.

२३ ऑक्टोबर
कालच्या पुरणपोळ्यांनी अंग जड. रेस्ट.

२५ ऑक्टोबर, सकाळ
पौडाहून कळीचा चुना आणला. पिंपात टाकून वर पाणी ओतले. एकदम उकळायला लागला. जवळून निरीक्षण केले. डाव्या भुवईला थोडे लागले आहे.

संध्याकाळ
बायको, रंभा, चुलीपाशी बसून म्हणाली, चुन्यात तांदळाची पेज घाला, न्हाईतर भितीचा चुना हाताला लागतुया. गावातल्या समद्या बाया घालत्यात. मी समजावले की एवढ्या वर्षांत रंगाबरोबर पेज मागायला कोणीही स्टोअरला आले नाही. ती म्हणाली, तुमचं स्टोअर ऱ्हायलं खडकीला, भित हितं हाय. बायकांना प्रत्येक गोष्टीत स्वयंपाक दिसतो.
सारजा म्हणाली, आबा, मी नि आई दोन दिसांत उरकतो. स्पष्ट नकार दिला. पाहुण्यांसमोर मुलीचे हात चुन्याने खरबरीत झालेले मला चालणार नाहीत. बापाला एवढे कळते.

२७ ऑक्टोबर
शेवाळ खरवडायला घेतले. खांदा धरला. विचारांती असे ठरले की पांढऱ्याखाली हिरवे दिसण्याचे कारण नाही. खरवडणे कॅन्सल.

२९ ऑक्टोबर
शिडी लावली. वरून भैरूचे परसदार दिसते. त्याने भोपळ्याचा वेल कसा चुकीचा चढवला आहे ते त्याला सांगितले. त्यात दुपार झाली. प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती: पाहुणे मागून येत नाहीत, बाजूनेही येत नाहीत. फक्त समोरची, पडवीची भिंत.

३१ ऑक्टोबर
सुरुवात झाली! ओला चुना भिंतीवर दिसतच नाही. म्हणून आणखी दाट केला. तरी दिसेना. आणखी दाट. शेवटी लापशी झाली. नीळही जरा सढळ हाताने पडली. संध्याकाळी भिंत निळसर. सारजा म्हणाली, वाळल्यावर ब्येस दिसंल आबा. पोरगी नेहमी माझी बाजू घेते.

१ नोव्हेंबर
वाळली. पांढरी शुभ्र! रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात. भैरूने भिंतीवरून बोट फिरवले आणि बोटाकडे बघत घरी गेला. जळतो.

२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पाहुणे येऊन गेले.
लिहावे की नाही?
सुरुवात फर्स्ट क्लास. कोंडाजी, मुलगा, दोघे भाऊबंद, सगळे काळ्या कोटात. मुलाची आत्या धोंडाबाई चंद्रकळा नेसून आलेली. पडवीत सतरंजी. सगळे आरामात भिंतीला टेकून बसले. कोंडाजी म्हणाले, भित झ्याक झालीया, कुणी केली? मी नुसता हसलो. पुन्हा विचारतील तेव्हा सांगू म्हटले. तेवढ्यात चहा आला. सारजेने नाव सांगितले, विचारले त्याची उत्तरे दिली. मुलगा दोनदा तिच्याकडे बघून हसला. जमले असे मला वाटले.
मग मंडळी उठली.
प्रत्येकाची पाठ पांढरी. खांद्यापासून कंबरेपर्यंत. धोंडाबाईच्या चंद्रकळेवर तर पोपड्यांसकट भिंत उतरली होती. कोंडाजींनी कोट काढून बघितला आणि मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला. आवाज वेगळा होता.
मी खरे सांगणारच होतो. तोंडातून आले ते असे, की पोरीनं रंगवलीया, लई हौस तिला.
सारजा कपबशा उचलत होती. माझ्याकडे एकदा बघितले. मग म्हणाली, व्हय, माझंच चुकलं, पेज घालायची ऱ्हायली. आणि फडके आणून एकेकाची पाठ झटकू लागली.
धोंडाबाई म्हणाली, आमच्यात घर सारवणं-रंगवणं सुनाच करत्यात. कोंडाजी माझ्या कोपरांकडे बघत होते. आंघोळ करूनही कोपरांचा चुना गेला नव्हता. बाही खाली ओढली. अर्धवट पांढऱ्या पाठी घेऊन मंडळी बैलगाडीत बसली. चावडीवर सगळे उभे राहून बघत होते.

३ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला तर, घर सगळ्यांचे म्हणजे भिंतही सगळ्यांचीच. त्या अर्थाने मी अगदी खोटे बोललो नाही.
रंभाने ताट ठेवले आणि उठून गेली. सारजेने मात्र रोजच्यासारखे पाणी आणून दिले.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

५ नोव्हेंबर
नांद्याला जाऊन कोंडाजींना सगळे खरे सांगायचे ठरवले. धुतलेला सदरा घालून निघालो. लवळ्यापर्यंत गेलो. तिथे वहाण चावायला लागली. झाडाखाली बसून काय बोलायचे ते दोनदा म्हणून बघितले. दोन्ही वेळा चांगले जमले. मग परत आलो.

७ नोव्हेंबर
भैरू नांद्याला गेला होता, निरोप घेऊन आला. मुलाला पोरगी पसंत. कोंडाजींनाही. धोंडाबाई अडून बसली आहे. म्हणते, पोर गुणाची, पण हाताला वळण न्हाई. तुळशीच्या लग्नानंतर ती पुन्हा येणार, भिंत बघणार आणि मग काय ते सांगणार. भैरूने हे सगळे माझ्या तोंडाकडे न बघता सांगितले. त्याला माहीत आहे. गावाला माहीत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळपासून खरवडण्याचा आवाज. बाहेर गेलो. सारजा शिडीवर. भिंत पार मातीपर्यंत आणली होती. पायाशी पिंपात नवा चुना, त्यात रंभाने दिलेली पेज. तळहात फुटले होते. फडके गुंडाळले होते. पाहुण्यांना दाखवायचे म्हणून मी जे हात जपले, तेच.
मी म्हणालो, तू उतर, मी करतो.
नको म्हणाली.
निदान शिडी धरतो, म्हणालो.
तेव्हा ती वरूनच, अगदी हळू म्हणाली, नगा आबा. तुमी आत बसा. रस्त्यानं कुणी बगितलं तर म्हणंल, मागच्या खेपंलाबी भित तुमीच रंगवली. तुमचा सबूद खोटा पडंल.
आत बसलो आहे.