प्रमुखांच्या गोदामातून

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकली आहेत असं समजावं; लिहिण्यापुरता एक हात उचलला आहे.) आपला रक्तदाब आणि ताईचा आवाज, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. नदीपलीकडच्या वस्त्यांत पुराचं पाणी शिरलं, माणसं तिथल्या शाळेत ओल्या कपड्यांनिशी येऊन बसली. त्यांच्यासाठी जमलेली ब्लँकेटं, ताडपत्र्या आणि भांडी आमच्या मदत संस्थेच्या गोदामात येऊन पडली, आणि स्वयंसेवकांची व्यवस्था पाहायला चिटणीसबाईंनी मला बोलावलं. जन्मभर संस्कृतचे वर्ग सांभाळणाऱ्याला चार मोठी माणसं काय जड, म्हणत मीही गेलो.

दाजी, पगारी माणसाला रागावता येतं. स्वयंसेवकाला रागावलं तर तो हसून नमस्कार करतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतले शिंपीकाका रुसले, कारण मी त्यांना ‘जरा ती दोरी धरा’ म्हणालो होतो. आता मान द्यायला आपल्या पदरचं काय जातं? मी त्यांना दोरीप्रमुख केलं. (आयुष्यभर समास शिकवले, पण इतका फळणारा सामासिक शब्द कधी हाती लागला नव्हता.) काका खुलले. ते पाहून दातांच्या डॉक्टरबाईंचा चेहरा पडला, म्हणून त्या खोकेप्रमुख. निवृत्त हवालदार दारप्रमुख. असं करता करता आठवडाभरात गोदामात बिनपदाचा माणूस औषधाला उरला नाही. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, चहाबरोबर सभा. चिटणीसबाई म्हणाल्या, "सर, काय उत्साह आहे हो!" मी विनयाने मान खाली घातली. वर ठेवली असती तर ढीग जागचा हललेला नाही हे दिसलं असतं.

काल ट्रक आला. ड्रायव्हर खालीसुद्धा उतरला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "पाणी चढतंय. दिवस मावळायच्या आत पूल बंद करणार. भरा पटापट, नाहीतर मी चाललो रिकामा." मी टाळी वाजवून ‘चला, उचला’ म्हटलं, तशी प्रत्येकाने आपल्या हाताखालच्या माणसाकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. खोकेप्रमुख म्हणाल्या, दोरी आल्याशिवाय खोकं हलणार नाही. दोरीप्रमुख म्हणाले, "बाई, मी प्रमुख आहे. बांधणारा द्या." दारप्रमुखांची दार उघडण्याची तयारी चोख होती, फक्त उघडणारा हवा होता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. तिकडे नदीला पाणी चढत होतं आणि इकडे माझ्या तोंडचं पळालं. शाळेत कुडकुडत बसलेली ती माणसं आणखी एक रात्र तशीच काढणार, आणि ती माझ्या बिल्ल्यांपायी.

रागावायची सोय नाही, विनवायला वेळ नाही. बाह्या सरसावून मीच एका गठ्ठ्याला भिडलो. दोरी बांधली, उचलताच सुटली. पुन्हा बांधली, तर ब्लँकेटांबरोबर माझ्या सदऱ्याचं टोकही आत. शिंपीकाकांना ते बघवेना. "अहो सर, ही गाठ आहे का गुंता? सोडा! द्या इकडे!" म्हणत त्यांनी गठ्ठा ओढून घेतला. मी भांड्यांकडे वळलो. खाली पेले आणि वर पातेली रचली. डॉक्टरबाई कळवळल्या (स्वतःच्या दवाखान्यात त्या असं कळवळताना कोणी पाहिलेलं नाही) आणि सगळं खोकं ओतून नव्याने भरू लागल्या. दार स्वतःच ढकलून ताडपत्री घेऊन मी त्यात आडवा अडकलो, तसे हवालदार धावले. "तिरकी घ्या, तिरकी! हटा सर, तुमच्याच्यानं नाही व्हायचं!"

तेव्हा मला साक्षात्कार झाला, दाजी. माणसाला हुकूम ऐकवत नाही हे खरं. पण डोळ्यांदेखत चाललेलं दुसऱ्याचं चुकीचं काम त्याहूनही सोसवत नाही. मग काय, मी जीव तोडून चुकत सुटलो! जिथे हात घालीन तिथे दोन प्रमुख धावून येत. शेवटी ड्रायव्हरही उतरला, मला बाजूला सारायला. उन्हं असतानाच ट्रक पुलापलीकडे गेला. सगळ्यांच्या अंगावर कोरडं पांघरूण पडलं असा निरोप आला, तेव्हा गोदामात असा काही कल्लोळ झाला की हवालदारांनी डॉक्टरबाईंना सलाम ठोकला. काकांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "सर, उद्याही या. पण हात लावू नका."

ताईला नमस्कार.

आपला नम्र मेहुणा

ता. क. पाणी ओसरतंय, परवा पूल उघडला की दुसरा ट्रक भरायचा आहे आणि मोठीच पंचाईत झाली आहे. कालच्या सरावाने मला गाठ यायला लागली. आज सकाळी गठ्ठा बांधला तर काका ‘वा सर!’ म्हणून खुर्ची ओढून बसले, आणि बाकीचे प्रमुखही बसले. तेव्हा आपण चार दिवस येऊन जावं. आपल्याला उशीला अभ्रासुद्धा घालता येत नाही असं ताई गेली वीस वर्षं सांगते. आपल्या या गुणाचं चीज घरात कधी झालं नाही. इथे माणसं वाट पाहत आहेत.

ता. क.चा ता. क. ताईला फोन करून परवानगी घेतली आहे. म्हणाली, "खुशाल ने. फक्त तिकडे त्यांना काही यायला लागलं, तर त्याच दिवशी परत पाठव. इथे कामांचा ढीग पडलाय."