उभ्यानं जेवणारी पलटण

आबांच्या पायावर अमृतचं डोकं.

मी बरा हाय. मेंढरं कोरेगावाकडनं परतली का? तुमचा गुडघा कसा हाय?

हितं परमुलखात आमच्या शांतिसेनेच्या तळाशेजारी इथल्याच सरकारची पलटण हाय. लढाई जवळ आलीया, म्हणून साहेबांनी मला त्यांची ताकद बघाय धाडलं. बंदुका नव्या हायत, गोळ्याबी लय हायत. पण तुमीच शिकवलंय, कळप मोजून कळत न्हाई, भ्यालेलं मेंढरू रवंथ करत न्हाई. ती माणसं पाठीवरचा पिट्टू न काढता उभ्यानंच जेवत हुती. मी साहेबांना सांगितलं, ही टिकायची न्हाईत. आता त्यांची बाजूबी आमीच धरणार.

आईला यातलं काय सांगू नका. एवढंच सांगा, अमृत दोन्ही टायमाला मांडी घालून जेवतो.

तुमचा,
अमृत