बेड्यांच्या कंपनीचा एकही शेअर माझ्यामागं राहणार नाही

मी, सारजाबाई बद्रीनाथ नरवडे, वय ७८, निवृत्त परिचारिका, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोळ्याला चष्मा आहे, डोक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "म्हातारी कुणाच्या तरी नादी लागली" असं गेली नऊ वर्षं म्हणणाऱ्यांनी तो आधी वाचावा. २०१२ साली केलेलं माझं मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं.

१) राहतं घर स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा सांडू आणि सून शैला या दोघांच्या नावे निम्मं-निम्मं व्हावं. वरची खोली भाड्यानं द्यायची ती विद्यार्थ्यालाच द्यावी. परदेशी मुलगा आला म्हणून दार लावून घेऊ नये.

२) शेअर. जुन्या मृत्युपत्रात ते सांडूला लिहून दिले होते. आता ते नाहीत. का नाहीत, ते वारसांनी माझ्याच तोंडून ऐकावं.

माझे यजमान बद्रीनाथ हे चिकलठाण्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात एकतीस वर्षं फोरमन होते. ते गेल्यावर त्यांचे कंपनीचे शेअर माझ्या नावावर झाले. २०१४ साली वरच्या खोलीत एक परदेशी विद्यार्थी राहायला आला. त्याचं आणि त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्याची आई अजून तिथंच आहे. पोरगा लंगडायचा. दवाखान्यात तीस वर्षं जखमा धुतलेली बाई मी, एकदा त्याचा पायजमा वर करून पाहिलाच. दोन्ही घोट्यांभोवती काळे, खोल वळ होते. सरकारविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून सात महिने त्याच्या पायात बेड्या होत्या.

भिंतीवर यजमानांना कंपनीनं दिलेलं पितळी मानचिन्ह होतं, वर्तुळात पिंपळपान, कंपनीचा छाप. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"अम्मा, ये पीपल का पत्ता आपके घर में कैसा?"

"क्यों रे?"

"मेरी बेड़ी पर यही था. सात महीने यही देखा मैंने."

मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग वार्षिक सभेला गेले, भागधारक म्हणून माझा हक्कच होता. माइक हातात घेऊन विचारलं, "आपण त्या देशाच्या तुरुंगांना बेड्या विकतो का?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "मावशी, आपण लोखंड विकतो. ते कुणाच्या पायात घालायचं, ते तिथलं सरकार बघतं."

"पाय मी बघितलेत, साहेब," मी म्हणाले. तेवढ्यात माइक बंद झाला.

सांडू त्याच कंपनीच्या खरेदी खात्यात होता. सभेच्या दारातच त्यानं मला गाठलं. "आई, माझी नोकरी घालवती का? आख्खं ऑफिस हसतंय."

"हसू दे. तू काय विकत आणतो अन् त्याचं पुढं काय होतं, एवढं बघ."

महिन्याभरात त्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. मी त्याच आठवड्यात शेअर विकले. ते पैसे घरात ठेवले नाहीत. त्या मुलाच्या घोट्याच्या ऑपरेशनला लावले. आता तो सरळ चालतो.

३) निवृत्त कामगार संघाच्या कल्याण निधीतही त्याच कंपनीचे शेअर होते. ते विकावेत म्हणून मी सव्वा वर्ष दारोदार फिरले. कुणी पाणी दिलं, कुणी कुत्रं सोडलं. संघाच्या सभेत सचिव म्हणाले, बायकांना यातलं कळत नाही. तेव्हा मागून भट्टीवरचे फकिरा उठले.

"मला तर कळतं ना? त्या बेड्या म्या ओतल्यात. जनावरासाठी हायत, असं सांगितलं व्हतं आमाला. जनावराचा घोटा एवढा बारीक नसतो, हे मला तवाबी दिसत व्हतं."

मग हात वर झाले. अकरा मतांच्या फरकानं ठराव मंजूर झाला आणि निधी त्या कंपनीतून बाहेर पडला. कंपनीनं बेड्या बनवणं थांबवलं, असं खोटं मी लिहिणार नाही. आजही बनवते. पण आमच्या पैशावर नाही.

४) चांदीच्या पाटल्या. या माझी आई दगडाबाई हिच्या. तिनं कधी हातात घातल्या नाहीत. माझे वडील कारभारी पाचोडच्या बाजारात अंबाडीचे दोर विकायचे. निजामाच्या रझाकारांनी गठ्ठाभर दोर नेला आणि शेजारच्या गावची माणसं त्यानंच बांधली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर तसाच दोर दुसऱ्या मोहल्ल्यातल्या माणसांच्या हाताला बांधला गेला. दोन्ही वेळा वडील म्हणाले, "म्या नुसता दोर विकला." त्या कमाईच्या या पाटल्या. मोडून येतील ते पैसे पाचोडच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टीच्या सामानाला द्यावेत.

५) बँकेतली ठेव नातीला, सांडू-शैलाच्या मुलीला. अट एकच: कंपनी आपला माल कुणाला विकते, हे विचारल्याशिवाय तिनं कुठंही पैसा गुंतवू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असं वकील म्हणाले. न टिकू दे. पोरगी वाचेल तर खरी.

६) सांडूबद्दल. दोन वर्षांनी दिवाळीत तो आपणहून आला.

"आई, बदली मागून घेतली. पाइपाच्या खात्यात."

"पगार?"

"कमी झाला."

मी त्याला जेवायला वाढलं, बाकी काही विचारलं नाही. म्हणून निम्मं घर त्याला. त्यानं पुढं कंपनीची भलावण केली, तर शैलानं आपल्या निम्म्या घरातून त्याला दोन शब्द सुनवावेत.

७) मी गेल्यावर कंपनीकडून हार येईल, यजमानांच्या वेळीही आला होता. आणणाऱ्या माणसाला पाणी द्यावं, चहा द्यावा, त्याचा काही दोष नाही. हार मात्र उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, एक अक्षर बदलावंसं वाटलं नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली; त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: सारजाबाई बद्रीनाथ नरवडे

साक्षीदार:
१. भानुमती अनंतराव देऊळगावकर, शेजारी, निवृत्त शिक्षिका
२. चतुराबाई सखाराम मगरे, निवृत्त परिचारिका

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ ऑगस्ट २०२४