बुडबुड्याची स्लाइड

प्रिय टिटवे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, "आत्या, नंतर बोलू का?" असं म्हणून ते मधेच बंद करता येत नाही. तुझी आई म्हणाली, आठ दिवस तू खोलीचं दार लावून बसली आहेस. आणि तुझे बाबा, म्हणजे आमचे धाकटे बंधुराज, म्हणताहेत की झेपत नसेल तर मेडिकल सोडून दुसरं काही बघू. त्याला माझा निरोप दे: गाडी चालवण्याच्या परीक्षेत तीनदा नापास झालेल्या माणसाने झेपण्या-न झेपण्यावर व्याख्यानं देऊ नयेत. पॅथॉलॉजीची प्रॅक्टिकल दोन गुणांनी गेली आहे. माणूस गेलेला नाही.

आता तुझा तो मेसेज. निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू मला यादी पाठवलीस आणि विचारलंस, पुरवणी परीक्षेसाठी यातलं काय घेऊ? दोन जाडजूड पुस्तकं, त्या जाड्यांचं सार काढलेलं एक बारीक पुस्तक, तिघांची व्हिडिओ व्याख्यानं, दोन प्रश्नसंच, मोबाइलवरची कार्डं, क्लासच्या छापील नोट्स आणि सीनियर्सची पिवळी फाइल. मी मोजलं, अकरा. सात आठवडे आणि अकरा गुरू! अगं, एवढ्यांना नुसता नमस्कार करण्यात पहिला आठवडा जाईल. यादीचं अक्षर तरी बघायचं होतंस. फोटो मोठा करून पाहिला तरी वाटलं, शाईत पडलेल्या मुंग्या कागदावर वाळत घातल्यात.

मी डॉक्टर नाही, हे मला ठाऊक आहे. तेहेतीस वर्षं तुझ्याच कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन होते आणि त्या तेहेतीस वर्षांत कुणी ना कुणी रोज मला त्याची आठवण करून देत असे. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ कापायचा, गुलाबी-जांभळा रंगवायचा आणि काचेवर चढवायचा, एवढंच माझं काम. पण त्या काचा बघायला येणारी तेहेतीस वर्षांतली पोरं मी पाहिली आहेत. कोण पुढे चांगला डॉक्टर झाला आणि कोण नुसता पास झाला, हेही. तेव्हा माझं उत्तर ऐक. जाड्या पुस्तकांपैकी एक ठेव. कुठलं ते मी सांगणार नाही. दोन्हींतला सुजेवरचा धडा वाच आणि जे वाचताना जांभई आली नाही ते ठेव, दुसरं परत कर. पहिले सहा धडे सावकाश वाच, कारण पुढचं सगळं शरीर त्या सहा धड्यांचीच पुन्हा पुन्हा उजळणी आहे. पेशी सुजते, मरते, भरून येते किंवा बेफाम होते. यकृत असो नाहीतर फुप्फुस, ती पाचवं काही करत नाही. धडा संपला की त्यावरचे वीस प्रश्न, एकाच संचातले, आणि चुकलेल्या प्रत्येकाचं कारण तुझ्या शब्दांत वहीत. व्हिडिओ फक्त अडलं तिथे, आणि माणसाच्या गतीने. तो बिचारा शिकवतोय, त्याला दुप्पट वेगाने पळवून तुम्ही काय मिळवता, कळत नाही. बारीक पुस्तक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. क्लासच्या नोट्स आणि कार्डं धाकट्या भावाला दे, तो विमानं करेल.

राहिली पिवळी फाइल. तिचं नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ती मी नोकरीत असतानाही होती, फक्त तेव्हा ती एक वही होती. वर्षानुवर्षं झेरॉक्सवरून झेरॉक्स. सरावाच्या पेटीतल्या शंभर स्लाइड्स मायक्रोस्कोप न लावता कशा ओळखायच्या, याचं ते शास्त्र! कोपरा तुटलेली ती फुप्फुसाची, मधे घडी पडलेली ती यकृताची, काचेखाली बुडबुडा असलेली ती थायरॉइडची. हुशार मुलं हो, एकाहून एक. बारा तास राबून ज्या काचा मी रंगवल्या त्यांच्याकडे बघायचं सोडून माझ्या हातून राहिलेला हवेचा बुडबुडा पाठ करायचे. पेशंटच्या पोटात बुडबुडा घालून कुणी पाठवणार आहे का तुमच्याकडे? एकदा मी एका टोळक्याला विचारलंही. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "ताई, परीक्षेला हीच पेटी असते ना?"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर भारी कडक. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि पुस्तक मिटून कपाटात टाकायच्या. दिसतंय ते काढा. मी एकदा पुस्तकातली आकृती आठवून हुबेहूब काढली, तर त्यांनी पान फाडलं आणि म्हणाल्या, "हे तू पाहिलेलं नाहीस." त्या दिवशी मी रडले. पण त्याच सिस्टरांनी माझ्याकडून सुलेखनही गिरवून घेतलं, आणि त्या अक्षराचा मला आयुष्यभर माज राहिला. विभागातलं प्रत्येक लेबल माझ्या हातचं. बाहेरचे पाहुणे यायचे आणि स्लाइड पाहायच्या आधी लेबलाचं कौतुक करायचे. त्यात धोका आहे हे मला तेव्हा कळलं नाही. वळणदार अक्षरात लिहिलेलं कुणी पडताळून बघत नाही.

तुझ्या मेसेजच्या शेवटी तू एक ओळ लिहिली होतीस: "मी इतकी ढ आहे की थायरॉइडच्या स्लाइडला किडनी म्हटलं." तुझ्या आईकडून बाकीचं कळलं. परीक्षेत प्रत्येक मायक्रोस्कोपवर "हात लावू नये" अशी पाटी, दोन मिनिटांनी घंटा, पुढच्या टेबलावर जायचं. तू मात्र स्लाइड सरकवलीस, कडेला काहीतरी पाहिलंस आणि "किडनी" लिहिलंस. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि पुढे तोंडी परीक्षेत तू येत असलेलंही चुकवलंस. पाटी असताना हात लावलास हे चूकच, त्याबद्दल मीही झापते. झापून झालं.

पण ती ओळ माझ्या बुटात खडा गेल्यासारखी टोचत राहिली. मी मनात म्हटलं, माझी भाची बोलताना पाल्हाळ लावते, खोलीत पसारा करते, पण नसलेलं बघत नाही. थायरॉइडमध्ये गोल गोल पोकळ्या असतात आणि त्यांत गुलाबी द्रव साकळलेला असतो. आता बरीच वर्षं सुजत आलेली किडनी घे. तिच्या नळ्याही फुगतात आणि तशाच गुलाबी साक्याने भरतात. नेमका तोच भाग मधोमध आणून ठेवला तर भलेभले फसतात. फरक एवढाच की किडनीत कुठेतरी, कडेला का होईना, रक्त गाळणारे ते गोल पुंजके सापडतात. थायरॉइडमध्ये ते कुठून येणार? तू कडेला काय पाहिलंस?

गुरुवारी मी विभागात गेले. पेटी काढली, बुडबुड्याची स्लाइड लावली आणि पाटी नसल्यामुळे आरामात सरकवली. कडेला तीन पुंजके होते. सुकून गुलाबी ठिपके झालेले, पण पुंजकेच. मग लेबल ओलं करून सोलून काढलं. खाली काचेवर हिऱ्याच्या लेखणीने मीच कोरलेला जुना नंबर होता आणि जुन्या रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर लिहिलंय, किडनी. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, मागे पेटी नीटनेटकी राहावी म्हणून मी सगळी पिवळी पडलेली लेबलं बदलली होती. निरोपाच्या फोटोसाठी हाक आली, मी ट्रे तसाच ठेवून गेले, आणि परत आल्यावर दोन लेबलं एकमेकांच्या जागी चिकटवली. खरी थायरॉइडची होती ती त्याच वर्षी कुणाच्या तरी हातून फुटली, त्यामुळे चूक दाखवायला कुणी उरलंच नाही. पिवळ्या फाइलने माझं सुंदर अक्षर उतरवून घेतलं आणि बुडबुड्यापुढची जुनी 'किडनी' खोडून 'थायरॉइड' केलं. विभागप्रमुखबाई, ज्यांना काच पुसायला मी शिकवलं, म्हणाल्या, "ताई, गुपचूप लेबल बदलू, उगाच बोभाटा कशाला?" मी म्हटलं, सहा वर्षांतल्या पोरांनी न बघता लिहून पैकीच्या पैकी घेतले आणि जिने बघून लिहिलं ती घरी दार लावून बसलीय. बोभाटा व्हायलाच हवा. माझ्या सहीचा अर्ज कॉलेजकडे दिलाय, त्याची प्रत सोबत आहे. त्या प्रश्नाला तीन गुण होते. ते तुला मिळतील की नियमांत अडकतील, मला सांगता येत नाही. कागदावर तू पास असशील किंवा नसशील, त्या टेबलावर तू एकटी बरोबर होतीस आणि मी चुकले होते, हे सांगायला पत्र लिहिलं. सोमवारी ये. माझी बाहेरची खोली रिकामी केली आहे, विभागाची किल्ली दुपारी दोन ते पाच मिळेल, आणि पेटीतल्या शंभरच्या शंभर काचा तू सरकवून बघणार आहेस. माझी आणखी एखादी चूक सापडली तर सोडू नकोस. येताना ते एक पुस्तक आणि गुलाबी-जांभळ्या पेन्सिली आण. बुडबुड्याच्या स्लाइडवर मी कोरं लेबल चिकटवून ठेवलंय. त्यावर "किडनी" तू लिहायचंस, तुझ्या त्या मुंग्यांच्या अक्षरात.

तुझीच, आणि या खेपेला तुझ्याच बाजूची,
आत्या