भाऊजींचं लिव्हर, यांचा रिपोर्ट

मु. धाड, गुरुवार

तीर्थरूप ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं लिव्हर उत्तम असल्याचं आम्हाला इथे लेखी कळलं आहे, तेव्हा ते सोडून बाकीची प्रकृती कळव.

तुला ठाऊकच आहे, हे बुलढाण्याच्या एका दवाखान्यात लिव्हरच्या अभ्यासात आहेत. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी जायचं, लिव्हर किती कडक झालंय ते मशीनवर मोजून घ्यायचं. दोन वर्षांत कोण सुधारतो, कोण बिघडतो, ते डॉक्टर बघणार. मागची तारीख नेमकी बाजाराच्या दिवशी आली आणि यांची वांगी तोडून तयार. (वांगी थांबत नाहीत, लिव्हर थांबतं, असं यांचं मत.) भाऊजी सकाळीच आमच्याकडे आलेले, अजून चहाही न घेतलेले. यांनी आपलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. "हजेरी लागली पाह्यजे साडभाऊ, मानूस कोनताही चालते." लग्नाला, ग्रामसभेला आपण घरटी एक माणूस पाठवतोच, त्यामुळे भाऊजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. नर्स नवी होती, तिलाही नाही.

चौदाचा आकडा एकदम पाचावर! काय केलंत, असं डॉक्टरांनी विचारल्यावर भाऊजी गडबडून म्हणाले, "वांगे खाल्ले." ते अभ्यासाच्या कागदात गेलं. आता तिथले इतर पेशंट जीप करून आमच्याकडे वांगी न्यायला येतात.

इथवर मीही हसले. पण रिपोर्ट वाचून यांनी गोळ्याच बंद केल्या. मी म्हटलं, अहो, हे लिव्हर भाऊजींचं. तर म्हणतात, "नाव कोनाचं? माहं. कार्ड कोनाचं? माहं. मंग लिव्हर काऊन त्याईचं?" ताई, पायांवर सूज आहे. चप्पल घालताना पाठ करून बसतात. मला दिसतं, हे त्यांनाही माहीत आहे.

तुझी,
सुभद्रा

ता. क. दवाखान्यात फोन करून मी सगळं खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, सोमवारी खरा माणूस आणा.

ता. क. २. "मी बरा हाओ" म्हणत हे काही हलेनात. शेवटी सांगितलं, सोमवारी भाऊजींची तपासणी आहे आणि त्यांना जमत नाहीये. तर लगेच इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. "त्याईनं माह्यासाठी केलं, मी जाऊ नाई का?" तेव्हा पत्र मिळताच भाऊजींना यांना फोन करायला लाव, थोडं कण्हायलाही सांग. आणि म्हणावं, डॉक्टर देतील त्या गोळ्याही माझ्या जागी तुम्हीच खा. साडभावाचा शब्द हे मोडणार नाहीत.