घर पाहावं विकून

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे). तुझे गुडघे आणि भावोजींचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी असेल अशी आशा आहे. इकडे आईची तब्येत बरी आहे. डोळे मात्र आता उजेड आणि अंधार एवढंच सांगतात. बाकी सगळं ती कानांनी आणि पायांनी बघते.

घर पाहावं बांधून असं म्हणणाऱ्यानं ते विकून पाहिलेलं नसावं. बाबांनी घर आपल्या दोघांच्या नावावर केलं, तेव्हा त्यातल्या खोडीही आपल्याच नावावर झाल्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुला आठवतंय ना, बाबांच्या मते दुरुस्ती म्हणजे वस्तूची खोड मोडणं नव्हे, ती आपण शिकून घेणं. म्हणून मोरीचा नळ उलटा फिरतो, न्हाणीघराचा दिवा स्वयंपाकघरातून लागतो आणि पुढचं दार जरा उचलून ढुंगणानं ढकलावं लागतं. आमचा एजंट (याला आम्ही गोडबोल्या म्हणतो, तो गळतीलाही ‘नैसर्गिक गारवा’ म्हणतो) म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक असं ढकलणार नाही. आईला एकटं ठेवणं आता शक्य नाही, तिला माझ्याकडे न्यायचं आणि घर विकायचं हे आपण फोनवर ठरवलंच होतं. गॅस रात्रभर चालू राहिल्यानंतर दुसरा मार्गच नव्हता. पण तिला सांगायचं कुणी? माझी जीभ रेटेना. शेवटी मी ठोकून दिलं, की ताई यायची आहे राहायला, म्हणून घर नीट करतोय. तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून उठून जावं लागलं.

मग सुताराला बोलावलं. त्यानं दार असं तासलं की करकर बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी कौतुकानं आत शिरलो, तर आईनं चोर समजून काठीचं टोक थेट माझ्या पोटात घातलं. (बरगडी शाबूत आहे, तुझी भावजय मात्र अजून हसते आहे.) दार कसं वाजतं यावरून कोण आलं ते तिला कळायचं. बाबा दोनदा ढकलायचे, मी एकदा, आणि तू म्हणे लाथ मारायचीस. त्यानंतर गवंड्यानं बोळातली डुगडुगणारी फरशी पक्की केली. ती डुगडुगली की आई उजवीकडे वळायची. आता डुगडुगेना, म्हणून ती सरळ चालत अडगळीच्या खोलीत गेली आणि न्हाणीघर हलवलं म्हणून आम्हाला शिव्या देत अंधारात उभी राहिली. आधी आम्ही हसलो. मग तिनं हळूच विचारलं, मी कुठे आहे रे? ताई, ते ऐकलं आणि मी गवंड्याला परत बोलावून फरशी सैल करून मागितली. त्यानं कपाळाला हात लावला, पण करून दिली.

घर बघायला येणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आईला मी सांगून ठेवलं होतं, की ही माणसं रंग सुचवायला येतात. (एवढी माणसं रंग सुचवायला? पण ती लगेच ‘बरं’ म्हणाली, आणि मीही अक्कल चालवली नाही.) पहिलं जोडपं आलं. आईनं त्यांना प्रेमानं शेजारी बसवलं आणि सांगितलं की कपाट सरकवून भिंतीला हात लावून बघा, रंग टिकायचा नाही, पाऊस झाला की तिथं ओल धरते. ते कपाट मी मुद्दाम तिथं ठेवलं होतं. दुसऱ्या गृहस्थांना शेजाऱ्याचा खोकला भिंतीतून कसा स्पष्ट ऐकू येतो ते सांगितलं. तिसऱ्यांना घर मनापासून आवडलं होतं. त्यांना आतल्या खोलीत नेऊन आई म्हणाली, “हे इथंच गेले, अगदी शांतपणे. तुम्हालाही इथं छान झोप लागेल.” ते चहाला थांबले नाहीत. मी आईसमोर हात टेकले. त्या खोलीत एकटा बसून रडलोसुद्धा, तुला म्हणून सांगतो. गेली कित्येक वर्षं जमलं नव्हतं.

तेव्हा संमतीच्या कागदावर सही करून तो पाठवून दे. दगदग करून यायची काही गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या खोलीला कोणता रंग द्यायचा, असं आई रोज विचारते. मी पिवळा सांगितला. दुसरा हवा असल्यास कळव. (विकायच्या घरात तुझा रंग विचारतोय, मलाही वेड लागलं असावं.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात गोडबोल्या आला. आज प्रथमच त्याला गोड बोलता येईना. म्हणाला, आजींना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. त्यांनीच मला गाठून सांगितलं होतं, “विका घर, माझी ना नाही. माझ्या लेकाला सांगवत नाहीये, त्याला कळू देऊ नका मला कळलंय ते. पण माझी लेक येऊन जाईपर्यंत गिऱ्हाईक मी टिकू देणार नाही. नंतर ती भावाकडे पाहुणी म्हणून येईल हो, पण माहेरी कुठून यायची?”

ताई, तू येणार ही माझी थाप होती. तेवढ्या थापेवर आई घर धरून बसली आहे. ये.