बॅटरीखालचा ट्रे

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे (कारण पुढे येतंय). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत आणि सगळे मला शिकवत आहेत.

तू फोनवर सहज म्हणालीस की या वेळी स्टेशनवरून टॅक्सीने येईन, आणि घरात भूकंप झाला. तुला आणायला आजवर बाबाच गेलेत. ते तडक गाडीकडे गेले, तर गाडी हूं की चूं करेना. बॉनेट उघडलं तेव्हा कळलं की बॅटरी पाझरून तिच्याखालच्या लोखंडी ट्रेची गंजून चाळण झाली आहे. मेकॅनिकचं नाव काढताच बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने हातमोजे घातले. डोळ्यांत ॲसिड उडू नये म्हणून चिरंजीवांचा पोहण्याचा चष्मा लावला (शेजाऱ्यांनी पाणी कुठे तुंबलंय ते विचारलं). बाबा खुर्ची टाकून हुकूम सोडत होते: अंगठी काढ, आधी मायनसची वायर, मग प्लसची, आणि बॅटरी वाकडी करू नकोस. बॅटरी सरळच उचलली. वाकडा झालो तो मी.

ट्रेवर साचलेल्या पांढऱ्या भुकटीवर सोड्याचं पाणी ओतायचं होतं. आईने सोडा दिला, पण चमचा धुऊन परत आणायचा असं बजावून. बाबांच्या नियमाप्रमाणे सुटलेला प्रत्येक बोल्ट मी क्रमाने कागदावर मांडत गेलो. अखेर ट्रे निघाला. आम्ही हात धुवायला आत गेलो आणि तेवढ्यात आईला तो पसारा दिसला. तिने बोल्ट पुसले, लहानमोठे एकत्र केले आणि डब्यात भरून ठेवले. नवा ट्रे बसवताना कुठला बोल्ट कुठे यावर आम्ही बापलेक दुपारभर भांडलो, आणि आई मधूनमधून विचारत होती की निदान चकाचक तरी झाले ना. नवी बॅटरी बसली, गाडी सुरू झाली. बाबांनी ती उगाचच पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिली. इतके खूश ते कितीतरी दिवसांत दिसले नव्हते. तेव्हा टॅक्सी सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम हे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलंय की बाबांनी आता गाडी चालवायची नाही. त्यांना हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुझं ते ऐकतात, तर तेवढा फोन तू कर.

आणखी एक ता. क. : फोन नको. आत्ताच बाबांनी आपणहून किल्ली माझ्या हातात ठेवली. डॉक्टर त्यांच्याशीही बोलले होते म्हणे; मी कधी तोंड उघडतो याची ते वाट बघत होते. म्हणाले, "गाडी तू चालव. मी पुढे बसतो. स्टेशनवर ताई मला काही लांबून दिसायची नाही, पण तिला मी दिसलो पाहिजे."